शेजारची खुर्ची

बास्केटबॉलचा सामना टीव्हीवर बघताना कॅमेरा खेळाडूंवरून निघाला की थेट मुख्य प्रशिक्षकांवर जाऊन थांबतो. ते ओरडतात, हातवारे करतात, पंचांशी हुज्जत घालतात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मांडीवर कागद घेऊन एक व्यक्ती बसलेली असते. तिच्यावरून कॅमेरा नुसता सरकून जातो. आज मला बोलायचं आहे ते या शेजारच्या खुर्चीबद्दल. तेही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मुलींच्या संघांतल्या खुर्चीबद्दल, कारण तिच्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या दोन बायकांची हकिगत मला बरीच वर्षं विचारात पाडते आहे. एकीचं नाव हॉली वॉरलिक, दुसरीचं ख्रिस डेली.

आपल्याकडे महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा बहुधा एकच माणूस असतो. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्यानेच निवडायचे, त्यानेच स्पर्धेला न्यायचे आणि प्रवासखर्चाची बिलंही त्यानेच कार्यालयात भरायची. मी स्वतः हे काम केलं आहे, त्यामुळे एकट्या बास्केटबॉलसाठी एक मुख्य प्रशिक्षक आणि त्यांना तीन सहायक, ही व्यवस्था पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती चैनच वाटली होती. तिथेही ती फार जुनी नाही. १९७२ साली अमेरिकेत शिक्षणातल्या स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. 'टायटल नाइन' या नावाने तो ओळखला जातो. त्याआधी मुलींच्या खेळांना विद्यापीठांत पैसा नव्हता, शिष्यवृत्ती जवळजवळ नव्हती, प्रेक्षक तर नव्हतेच.

१९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची जबाबदारी पॅट समिट या बावीस वर्षांच्या मुलीवर आली. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. खेळाडूंचे कपडे तीच धुवायची, सामन्याला जायची गाडीही तीच चालवायची. म्हणजे आपल्या शारीरिक शिक्षण संचालकासारखंच! पुढे हीच बाई अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉलमधलं सर्वांत मोठं नाव ठरली. आठ राष्ट्रीय विजेतेपदं आणि १,०९८ विजय तिच्या नावावर जमा झाले.

हॉली वॉरलिक तिच्याकडे आली ती १९७६ मध्ये. हॉली मूळची नॉक्सव्हिलचीच, विद्यापीठ ज्या गावात आहे त्या गावची. ती धावपटू होती, चारशे मीटरची, आणि शिष्यवृत्तीही तिला धावण्यासाठीच मिळाली होती. बास्केटबॉलमध्ये ती हौसेने शिरली. टेनेसीच्या शाळांमध्ये त्या काळी मुलींचा बास्केटबॉल वेगळ्याच नियमांनी खेळला जायचा. संघात सहा जणी. तिघींनी फक्त बास्केट करायची, तिघींनी फक्त अडवायचं, आणि मैदानाची मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. मुलींना अख्खं मैदान धावायला झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. १९७९ पर्यंत तो नियम टिकला. अशा शाळेतून आलेली, चारशे मीटर पळणारी ही मुलगी विद्यापीठात संघाची पॉइंट गार्ड झाली, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव मांडणारी. तीन वेळा तिची निवड देशातल्या उत्कृष्ट खेळाडूंत झाली. टेनेसीच्या मुलींच्या संघाने जिचा जर्सी क्रमांक सन्मानाने निवृत्त केला अशी ती पहिली खेळाडू. १९८० च्या अमेरिकन ऑलिंपिक संघातही तिचं नाव होतं. पण त्या वर्षी अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला आणि ती संधी गेली ती गेलीच.

खेळ संपला की खेळाडूने पुढे काय करायचं? तेव्हा अमेरिकेत मुलींसाठी टिकाऊ व्यावसायिक लीग नव्हती. प्रशिक्षक होणं हाच मार्ग होता. व्हर्जिनिया टेक आणि नेब्रास्का या दोन विद्यापीठांत उमेदवारी करून हॉली १९८५ मध्ये टेनेसीला परतली आणि समिटच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर ती सत्तावीस वर्षं होती. टेनेसीने १९८७ ते २००८ या काळात आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आठही वेळा ती तिथे होती.

आता सहायक प्रशिक्षक करतो काय, हे जरा सांगायला हवं, कारण सामन्याच्या दोन तासांत त्यातलं फारच थोडं दिसतं.

सगळ्यात मोठं काम म्हणजे मुली शोधणं. विद्यापीठाचा संघ दर चार वर्षांनी नवा होतो. आज जी कर्णधार आहे ती दोन वर्षांनी पदवी घेऊन जाणार. म्हणून शाळेत शिकणाऱ्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींवर नजर ठेवावी लागते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलींच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात, एकाच छताखाली पाच-सहा मैदानं, सकाळपासून रात्रीपर्यंत सामने. प्रेक्षकांत आपापल्या विद्यापीठाच्या रंगाचे शर्ट घालून प्रशिक्षकांची रांग बसलेली असते. गंमत अशी की, नियमानुसार त्यांना त्या मुलींशी बोलता येत नाही. नुसतं बसायचं आणि दिसायचं. केव्हा फक्त बघायचं, केव्हा घरी जायचं, केव्हा पूर्ण गप्प राहायचं, याचं वर्षभराचं वेळापत्रकच क्रीडा संघटनेने ठरवून दिलेलं असतं. त्यातल्या फटी शोधून पत्रं लिहायची, फोन करायचे, आईबापांचा विश्वास मिळवायचा. बरं, एवढं करूनही मुलगी दुसऱ्याच विद्यापीठात गेली, असं नेहमीच होतं.

या कामाची एक गोष्ट टेनेसीत वारंवार सांगितली जाते. सप्टेंबर १९९० मध्ये पॅट समिट नऊ महिन्यांची गरोदर होती. तशा अवस्थेत ती पेनसिल्व्हेनियातल्या मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीच्या घरी तिला आपल्या संघात बोलावायला गेली. सोबत मिकी डीमॉस, टेनेसीची दुसरी सहायक प्रशिक्षिका. तिथेच समिटला प्रसूतीची चिन्हं दिसू लागली. दोघी घाईघाईने लहान विमानात बसल्या. वैमानिक म्हणाला, वाटेत व्हर्जिनियात उतरू. समिटने साफ नकार दिला, कारण त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला स्पर्धेतून बाहेर काढलं होतं आणि आपलं मूल त्या राज्यात जन्मावं हे तिला मंजूर नव्हतं! मुलगा अखेर नॉक्सव्हिलमध्येच जन्मला. ऐकणारे समिटच्या जिद्दीवर हसतात. मी मात्र त्या विमानात शेजारी बसलेल्या डीमॉसचा विचार करते. आणि एवढं होऊन ती मुलगी आधी नोत्र दाम या वेगळ्याच विद्यापीठात गेली. नंतर मात्र तिथून ती टेनेसीला आली आणि १९९६ च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

दुसरं काम प्रतिस्पर्ध्याच्या अभ्यासाचं. प्रत्येक सहायकाच्या वाट्याला काही संघ येतात. त्या संघाचे सामने चित्रफितींवर पुन्हापुन्हा बघायचे. कोण डाव्या हाताने घुसते, कोण दमली की लांबून फेकते, टाइमआउटनंतर त्यांचा ठरलेला डाव कोणता, हे सगळं दोन-तीन पानांत उतरवायचं आणि मुलींच्या गळी उतरवायचं. राष्ट्रीय स्पर्धेत तर एका सामन्यानंतर मध्ये एकच दिवस मिळतो. पुढे कोण येणार हे अजून ठरलेलं नसतं. मग एक सहायक एका संघावर आणि दुसरा त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर रात्र जागवतो. त्यातल्या एकाची सगळी मेहनत दुसऱ्या दिवशी टोपलीत जाणार, हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं.

तिसरं काम कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. पॅट समिट कडक होती. तिच्या निळ्या डोळ्यांच्या रोखून बघण्याची दहशत खेळाडू अजून सांगतात. अशी मुख्य प्रशिक्षिका असली की सरावानंतर रडवेल्या झालेल्या अठरा वर्षांच्या मुलीजवळ कुणीतरी बसावं लागतं. बाई तुझ्यावर का चिडल्या, उद्या काय केलंस तर चिडणार नाहीत, हे तिला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. आणि हे करताना बाईंचं चुकलं असं चुकूनही म्हणायचं नाही. आपल्याकडे कडक वडिलांच्या घरात आई हे काम करायची. घरातल्या या राजकारणाला किती अक्कल लागते, ते आपल्याला ठाऊक आहे. हॉली स्वतः समिटच्या हाताखाली खेळलेली, त्या नजरेखालून गेलेली. त्यामुळे गार्डच्या जागेवर खेळणाऱ्या मुलींना ती सांगायची ते पुस्तकातलं नव्हतं. १९९८ साली शमिक होल्ड्सक्लॉ आणि टमीका कॅचिंग्ज यांच्या संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. त्या यशात शेजारच्या खुर्चीचा वाटा किती, हे कुठल्याही धावफलकावर लिहिलेलं नाही.

आपल्या मैफलीत बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य असतो. बुवा श्वास घ्यायला थांबले की तो स्वर धरून ठेवतो, पण बुवांच्या वर जायचं नाही हेही त्याला कळतं. वर्षानुवर्षं ही साथ केलेल्या शिष्याला एके दिवशी बुवांचा आवाज मैफलीच्या मध्येच लागेनासा झाला तर?

ऑगस्ट २०११ मध्ये तसंच घडलं. एकोणसाठ वर्षांच्या पॅट समिटने जाहीर केलं, की आपल्याला स्मृतिभ्रंश झाला आहे, अल्झायमरच्या प्रकारचा, अकाली आलेला. त्या मोसमात ती प्रशिक्षिका राहिलीच. खुर्च्यांचा क्रमही तोच राहिला. काम मात्र सरकलं. टाइमआउटमध्ये मुलींशी बोलणं, पंचांशी बोलणं, सामन्यानंतर पत्रकारांसमोर बसणं, हे सगळं हॉलीकडे आलं. मुख्य प्रशिक्षिकेचं पद तिच्याकडे नव्हतं, जबाबदारी मात्र जवळपास सगळी होती. फार पुढे झालं तर बाईंना बाजूला सारलं असं दिसणार. मागे राहिलं तर शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींचं नुकसान होणार. मला विचाराल, तर तिच्या अख्ख्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड वर्ष हेच. एकाही विजेतेपदात त्याची मोजदाद नाही. संघ २७ सामने जिंकला, ९ हरला आणि राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चारच्या उंबरठ्यावर बेलर विद्यापीठाकडून हरला. बेलरचा संघ त्या वर्षी एकही सामना न हरता विजेता झाला, हेही सांगायला हवं.

एप्रिल २०१२ मध्ये समिटने पद सोडलं. पत्रकारांसमोर तिने आपली शिट्टी हॉलीच्या हाती दिली. हॉलीला बोलणं जमत नव्हतं. चोपन्नाव्या वर्षाच्या आसपास ती पहिल्यांदा मुख्य प्रशिक्षिका होत होती.

पुढची सात वर्षं मी जमेल तशी पाहिली. तिकडे रात्र तेव्हा आपल्याकडे पहाट, त्यामुळे चहाचा कप आणि सामना एकदमच. तिचा मुख्य प्रशिक्षिका म्हणून पहिलाच सामना टेनेसी राज्यातल्याच चॅटनूगा या लहान विद्यापीठाविरुद्ध होता. टेनेसी तो ८० विरुद्ध ७१ असा हरली. लोकांनी भुवया उंचावल्या. पण त्याच मोसमात तिने आपल्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. २०१३, २०१५ आणि २०१६ असं तीनदा तिचा संघ देशातल्या शेवटच्या आठांत होता. एरवी कुठल्याही विद्यापीठाने एवढ्यावर मिरवणूक काढली असती. टेनेसीत मात्र मोजपट्टी वेगळी होती. ज्या सभागृहात वीस हजार माणसं बसतात आणि छताला आठ विजेतेपदांचे झेंडे लटकलेले असतात, तिथे शेवटचे आठ म्हणजे काहीच नाही.

त्यात खेळही बदलला होता. तिच्या सहायकपणाच्या काळात चांगल्या मुलींसमोर मोजकीच विद्यापीठं असायची. आता साउथ कॅरोलिनात डॉन स्टेली उभी राहिली होती, बेलर होतं, मिसिसिपी स्टेट होतं. पैसा सगळीकडे आला होता. २०१८ मध्ये टेनेसीचा संघ राष्ट्रीय स्पर्धेतला सामना प्रथमच स्वतःच्या मैदानावर हरला. पुढच्या मोसमात लागोपाठ सहा पराभव झाले, आणि मार्च २०१९ मध्ये विद्यापीठाने हॉलीला पदावरून दूर केलं. सात वर्षांचा हिशेब १७२ विजय आणि ६७ पराभव. म्हणजे दर चार सामन्यांत जवळपास तीन जिंकणाऱ्या बाईला घरी पाठवलं! तिच्यानंतर आलेली केली हार्पर ही टेनेसीचीच माजी पॉइंट गार्ड. तिलाही २०२४ मध्ये जावं लागलं. तेव्हा दोष एकट्या हॉलीचा होता असं मला वाटत नाही. तिच्यात मुख्य प्रशिक्षिकेचे गुण नव्हते असं म्हणणारे बरेच आहेत. ते मला मान्य नाही. सत्तावीस वर्षं मुलींना धीर देणाऱ्या व्यक्तीला एका दिवसात त्यांना धाक दाखवायला सांगितलं, आणि तिच्या जुन्या जागेवर तिच्यासारखी दुसरी व्यक्ती मात्र कुणी आणून बसवली नाही, असं मी म्हणेन.

पॅट समिट जून २०१६ मध्ये गेली. हॉलीने मोटारसायकल चालवण्याच्या आवडीतून स्तनांच्या कर्करोगाविरुद्ध निधी गोळा करायचं काम २००७ पासून सुरू केलं होतं. चामड्याचं जाकीट घालून शेकडो मैल मोटारसायकल हाकणारी बास्केटबॉलची प्रशिक्षिका मला आमच्या काळातल्या पांढऱ्या साडीतल्या पीटीच्या बाईंपेक्षा बरीच लांबची वाटते, पण आवडते.

आता ख्रिस डेली. न्यू जर्सीची ही मुलगी रटगर्स विद्यापीठाकडून खेळली. १९८२ मध्ये तिच्या संघाने टेक्ससला ८३ विरुद्ध ७७ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मुलींच्या खेळांसाठी स्त्रियांनीच उभारलेल्या जुन्या संघटनेची ती शेवटची स्पर्धा. त्याच वर्षी पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने मुलींच्याही स्पर्धा सुरू केल्या आणि जुनी संघटना बंद पडली. कॉर्नेल आणि रटगर्समध्ये सहायक म्हणून काम करून डेली १९८५ मध्ये कनेटिकट विद्यापीठात आली. मुख्य प्रशिक्षक होते जीनो ऑरिएमा, इटलीत जन्मलेले, सातव्या वर्षी अमेरिकेत आलेले, जिभेला धार असलेले गृहस्थ. त्याआधी या संघाने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले असा मोसम एकदाच आला होता. पहिल्या वर्षी यांनीही १२ जिंकले आणि १५ हरले.

मग काय झालं ते बास्केटबॉल पाहणाऱ्यांना माहीत आहे. १९९५ मध्ये ३५ पैकी ३५ विजय आणि पहिलं विजेतेपद, तेही अंतिम सामन्यात टेनेसीला हरवून. म्हणजे त्या दिवशी दोन बाजूंच्या दोन शेजारच्या खुर्च्यांवर हॉली आणि ख्रिस समोरासमोर होत्या. नंतर २०१७ पर्यंत लांबलेली सलग १११ विजयांची मालिका, आणि २०२५ पर्यंत बारा विजेतेपदं.

डेलीला १९८८ पासून सहयोगी मुख्य प्रशिक्षिका असा हुद्दा आहे. तिला खेळाडू 'सीडी' म्हणतात. तिची ख्याती शिस्तीची. शर्ट खोचलेला हवा, वेळेच्या आधी हजर राहायचं, कुणी काही दिलं तर आभार मानायचे. कनेटिकटच्या मुलींच्या जर्सीवर पाठीमागे खेळाडूचं नाव नसतं, फक्त क्रमांक. इथे कडक बाई शेजारच्या खुर्चीवर आहे आणि टोमणे मारणारे गृहस्थ मुख्य खुर्चीवर. टेनेसीच्या अगदी उलट. तेव्हा सहायकाचा स्वभाव मऊच हवा असं काही नाही. मुख्य माणसाकडे जे नाही ते त्याच्याकडे हवं.

मुख्य प्रशिक्षिका व्हायच्या संधी तिला होत्या. ती गेली नाही. पुष्कळांना हे महत्त्वाकांक्षेचं न्यून वाटतं. आपल्याकडेही उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या बाईंबद्दल लोक जरा कीव आल्यासारखं बोलतात. पण डेलीला मुख्य खुर्ची झेपत नव्हती, असं म्हणायला जागा नाही. १९९७ मध्ये ऑरिएमांचे वडील वारले तेव्हा तिने संघ सांभाळला. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ऑरिएमांना कोरोना झाला. पहिले दोन सामने तिने सांभाळले, हाय पॉइंटला १०२ विरुद्ध ५९ आणि सिरॅक्यूजला ८३ विरुद्ध ४७ असं हरवलं आणि खुर्ची परत केली.

एक आकडा मला अस्वस्थ करतो. टायटल नाइनच्या आधी अमेरिकेत मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पैसा आणि प्रतिष्ठा आल्यावर पुरुष या क्षेत्रात आले, आणि २०१४ च्या सुमारास हे प्रमाण त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास आलं होतं. बास्केटबॉलमध्ये स्थिती त्यापेक्षा बरी आहे. तरीही कायदा मुलींसाठी झाला आणि मुलींच्या बाईंच्या नोकऱ्या कमी झाल्या, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. डेलीच्या बाबतीतही मुख्य खुर्चीवर पुरुष आहे, हे मी विसरत नाही. ऑरिएमा मात्र जाहीरपणे तिचं श्रेय सांगत आले आहेत, आणि २०१८ मध्ये महिला बास्केटबॉलच्या मानवंदना-दालनात तिचं नावही गेलं. हॉलीचं तिथे २००१ मध्येच गेलं होतं.

२० नोव्हेंबर २०२४ ला कनेटिकटच्या संघाने फेअरली डिकिन्सनला हरवलं आणि ऑरिएमांचे १,२१७ विजय झाले. विद्यापीठ बास्केटबॉलमधला तो विक्रम. विद्यापीठाने त्या संध्याकाळी सोहळा ठेवला होता, तो दोघांचा, चाळिसाव्या मोसमाचा. देशभरातून माजी खेळाडू आल्या होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये टॅम्पाला संघाने साउथ कॅरोलिनाला ८२ विरुद्ध ५९ असं हरवून बारावं विजेतेपद घेतलं. त्याही दिवशी डेली त्याच खुर्चीवर होती.